सटवाईचा कोरा कागद

नातवाच्या पाचवीची पूजा मीच मांडली. मार्च २०१८ मधली गोष्ट. पाटा-वरवंटा धुऊन घेतला, हळदकुंकू वाहिलं, तेलाचा दिवा लावला आणि शेजारी एक कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहून जाते. तिची अडचण होऊ नये म्हणून हा कागद. माझ्या मुलाच्या वेळी सासूबाईंनी ठेवला होता, माझ्या वेळी माझ्या आईनं.

सकाळी कागद कोराच होता. तो नेहमीच कोरा असतो. पण त्या सकाळी मी तो हातात धरून बराच वेळ बसून राहिले, कारण कपाटात पाच महिन्यांपूर्वीचा दुसरा एक कागद होता आणि तो गच्च लिहिलेला होता. सीटी स्कॅनचा रिपोर्ट. यकृताच्या उजव्या भागात दोन गाठी, एक ४.१ सेंटिमीटरची, दुसरी २.६. भोवतालचं यकृत सिरॉसिसनं निबर झालेलं. नसेतून दिलेलं औषध यकृतात पोचताच गाठ उजळते आणि थोड्या वेळात भोवतालापेक्षा काळी पडते, एवढ्यावरून या कर्करोगाचं निदान पुष्कळदा सुई न टोचताही होतं. आमच्या ह्यांचं निदान असंच झालं.

हे एसटीच्या वाई आगारात मेकॅनिक होते. २०१५ साली निवृत्त झाले. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब कधी घेतला नाही. तरी आजार लिव्हरचा म्हटल्यावर भेटायला येणारी माणसं चहाचा कप खाली ठेवता ठेवता हळूच विचारायची, "घेत होते का हो?" मी नाही म्हटलं की दुसरं वाक्य यायचं, "मग भोग म्हणायचे. लिहिलेलं कुणाला टळतं?" पहिल्या प्रश्नात या जन्मीचा दोष शोधलेला असे, दुसऱ्या वाक्यात मागच्या जन्मीचा. आजारी माणसाला कुठल्या तरी जन्मात दोषी ठरवल्याशिवाय येणाऱ्याचं समाधान होत नव्हतं.

मी शाळेत एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं. कर्म, प्रारब्ध, संचित हे शब्द फळ्यावर लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. ते शब्द माझ्याच ओसरीवर माझ्याच माणसावर टाकले जायला लागले, तेव्हा ते नीट तपासून पाहायची गरज मला पहिल्यांदा वाटली.

आजाराचं मूळ डॉक्टरांनी शोधून काढलं. ह्यांच्या रक्तात हिपॅटायटिस सी चा विषाणू निघाला. "कधी रक्त चढवलं होतं का?" असं त्यांनी विचारलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. १९८४ साली पसरणी घाटात ह्यांच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं, रक्त अतोनात गेलं. रात्रीतून तीन बाटल्या रक्त चढवलं म्हणून माणूस हाती लागला. तेव्हा हे सत्तावीस वर्षांचे होते आणि आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती.

हा विषाणू शोधला गेला १९८९ साली. म्हणजे त्या रात्री जगातल्या कुठल्याही रक्तपेढीला तो ओळखता आला नसता. शरीरात शिरल्यावर तो वीस-तीस वर्षं काही न बोलता बसतो, यकृतावर वण उठवत राहतो, आणि अशा वणांनी भरलेल्या यकृतात पुढे गाठ धरते.

मग मी त्या न पाहिलेल्या रक्तदात्याचा विचार करत राहिले. त्यानं पुण्य केलं की पाप? त्याच्या त्या बाटलीनं ह्यांना तेहतीस वर्षं दिली. आमचा मुलगा त्यानंतरचा. म्हणजे मुलगा, नातू, सगळा संसार त्या रक्ताचाच. आणि गाठही त्याच रक्ताची. कर्माचं फळ वहीखात्यासारखं असतं, डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च, असं मानलं तर या बाटलीची नोंद कुठल्या बाजूला करायची? मला ती कुठेच करता आली नाही. मला एवढंच कळलं की त्या माणसाचा हेतू शुद्ध होता आणि परिणाम त्याच्या हातात नव्हता. हे तर मी वर्गात दरवर्षी शिकवत आले होते.

संयुत्त निकायात मोलियसीवक नावाचा एक परिव्राजक बुद्धाकडे येतो. माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही लोक म्हणतात, आपलं काय मत, असं विचारतो. बुद्ध त्याला आठ कारणं मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, तिन्हींची गुंतागुंत, ऋतूतला बदल, शरीराची नीट निगा न राखणं, अचानक झालेला आघात, आणि आठवं पूर्वकर्म. सगळं पूर्वकर्मावरच घालणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टीच्या पलीकडे धावतात, असं ते स्पष्ट सांगतात. यादी पित्तापासून सुरू होते, म्हणजे लिव्हरच्या अंगणातूनच, हे मला फार जवळचं वाटलं. ह्यांच्या बाबतीत सातवं कारण पुरेसं होतं: घाटातला आघात. आठव्यापर्यंत जायची गरज नव्हती.

'का'चा प्रश्न असा काहीसा शांत झाला. 'किती'चा होत नव्हता.

पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर एक तक्ता काढून समजावलं. या रोगात दोन गोष्टी पाहतात, गाठ किती वाढली आणि उरलेलं यकृत किती काम करतं. गाठ काढून टाकावी तर उरलेल्या यकृतात तेवढी ताकद हवी. ती ह्यांच्यात नव्हती. यकृत बदलावं तर त्यालाही एक मोजपट्टी आहे. मिलानचे शल्यविशारद मात्साफेरो यांनी १९९६ साली ४८ रुग्णांचा अभ्यास मांडला: एकच गाठ असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत. अशा सिरॉसिसच्या रुग्णांत प्रत्यारोपणानंतर चार वर्षांनी पंचाहत्तर टक्के माणसं हयात होती. त्याआधी या कर्करोगात प्रत्यारोपणाचे निकाल इतके वाईट यायचे की डॉक्टरांचा धीर सुटत चालला होता. ह्यांची मोठी गाठ त्या रेषेच्या अकरा मिलिमीटर बाहेर होती.

"लिहिलेलंच असतं सगळं," घरी येताना हे म्हणाले. आयुष्यभर असं न बोललेला माणूस.

माझे वडील वैद्य होते. त्यांची चरकसंहिता माझ्याकडे आहे, कडा वाळवीनं खाल्लेली. त्या रात्री मी विमानस्थानाचा तिसरा अध्याय काढला. तिथे अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना, नेमकं हेच विचारतो: आयुष्याचं प्रमाण ठरलेलं असतं का? आत्रेय म्हणतात, दैव आणि पुरुषार्थ या दोहोंच्या मेळावर ते अवलंबून असतं. दैव दुबळं असेल तर पुरुषार्थ त्याला मागे सारतो, दैव बलवान असेल तर ते पुरुषार्थाला. सगळ्यांचंच आयुष्य आधी ठरलेलं असतं तर औषध कशाला, पथ्य कशाला, पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला तरी कशाला व्हायचं? मग अकाली मरण म्हणजे काय हे सांगताना ते गाडीच्या आसाचा दृष्टांत देतात. चांगला आस नीट वापरला तर झिजत झिजत आपल्या वेळेला संपतो. तोच आस जास्त ओझ्यानं, वाईट रस्त्यानं, चाक मोडल्यानं, बैलाच्या किंवा गाडीवानाच्या चुकीनं, खीळ निसटल्यानं, वंगण न दिल्यानं मध्येच तुटतो.

हे मी ह्यांना वाचून दाखवलं. इतका वेळ छताकडे पाहत पडलेला माणूस उठून बसला. "परत वाच," म्हणाले. मी वाचलं. "वंगणाचं लिहिलंय? एवढ्या जुन्या पुस्तकात?" मग त्यांनी एकेका कारणाला आगारातली गाडी आठवून सांगितली, कुठली बस ओव्हरलोडनं गेली, कुठल्या ड्रायव्हरच्या हाताखाली एक्सल टिकत नसे. शेवटी म्हणाले, "गाडी नवी होणार नाही, हे कळलं. पण बेअरिंग गेलेली गाडीसुद्धा जपून चालवली तर मुक्कामाला पोचते. चला, करू काय करायचं ते."

उपचार सुरू झाले ते असे. मांडीच्या सांध्यातल्या धमनीतून बारीक नळी घालून ती यकृताच्या धमनीपर्यंत नेतात आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत कर्करोगाचं औषध सोडून ती फांदी बंद करतात. याला टेस म्हणतात. निरोगी यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं, गाठ मात्र धमनीवर जगते. म्हणून धमनीची फांदी बुजवली की गाठ उपाशी पडते आणि यकृत तगतं. औषध ज्या तेलात घोळवतात ते आयोडीन मिसळलेलं खसखशीचं तेल असतं, हे कळल्यावर हे मला म्हणाले, "बघ, वंगणच झालं की." नंतर चार दिवस ताप, उलट्या, उजव्या कुशीत दुखणं. दोनदा टेस झालं, मग लहान गाठ सुईनं तापवून जाळली. विषाणूसाठी बारा आठवडे गोळ्या घेतल्या आणि तो रक्तातून पूर्ण नाहीसा झाला. वण मात्र राहिले.

गाठी आक्रसून मिलानच्या रेषेच्या आत आल्या आणि डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय पुन्हा काढला. मुलगा लगेच तयार झाला. निरोगी माणसाच्या यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग काढला तरी उरलेला काही महिन्यांत जवळजवळ पूर्ववत भरून येतो. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या अवयवाला हे साधत नाही. दात्याच्या जिवाला धोका थोडा असतो, पण शून्य नसतो.

"बाबा, माझं भरून येतं," मुलगा म्हणाला. मांडीवर तीन महिन्यांचं बाळ होतं.

"चालत्या गाडीचा भाग काढून बंद गाडीला बसवायची वेळ आगारात यायची, तेव्हा मला रात्री झोप लागायची नाही," हे म्हणाले. "आता तर गाडी घरची आहे."

मी मुलाच्या बाजूची होते. ह्यांच्याशी भांडलेसुद्धा. दधीचीची गोष्ट मी किती वर्षं शिकवली! स्वतःची हाडं देणाऱ्या ऋषीचं मोठेपण मुलांच्या मनावर ठसवलं. पण ती हाडं घेणाऱ्याच्या मनात काय झालं असेल, हा प्रश्न मी एकदाही वर्गात विचारला नाही. देणं हा जसा धर्म आहे तसं घेणंही अवघड व्रत आहे. मुलाकडून यकृत घेणारे बाप मी त्या दवाखान्यात पाहिले आणि त्यांच्यात मला स्वार्थ दिसला नाही. घेतलेलं आयुष्य सांभाळून वापरायची जबाबदारी दिसली. ह्यांना ती पेलणार नाही असं वाटलं आणि त्यांनी नकार दिला. निर्णय त्यांचा होता, आणि तो त्यांना घेऊ देणं हे त्या काळातलं माझं सगळ्यात कठीण काम होतं. त्यांचं बरोबर होतं की नाही, हे मी आजही ठरवत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये गाठीनं त्या मोठ्या शिरेत पाऊल टाकलं. आता टेस उपयोगाचं नव्हतं. सोराफेनिबच्या गोळ्या सुरू झाल्या, महिन्याला १२०. २००८ साली ६०२ रुग्णांच्या ज्या अभ्यासानं हे औषध रूढ झालं, त्यात नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ७.९ महिने होतं आणि औषध घेणाऱ्यांचं १०.७. पावणेतीन महिन्यांसारखा फरक. डॉक्टरांनी तो लपवला नाही. मुलाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

पण मध्यक म्हणजे मधला माणूस. निम्मे त्याच्या अलीकडे असतात आणि निम्मे पलीकडे. अमेरिकेतले जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली दुसरा एक दुर्धर कर्करोग झाला, ज्यात मध्यक आयुष्य आठ महिने होतं. त्यांनी त्या आकड्याचा नीट अभ्यास केला, पलीकडची बाजू किती लांब पसरली आहे ते पाहिलं आणि त्यावर निबंध लिहिला. निदानानंतर ते वीस वर्षं जगले. आकडा कपाळावर लिहिलेला नसतो. तो शेकडो अनोळखी माणसांच्या जगण्यामरण्यातून काढलेला असतो आणि त्यात आपलं माणूस कुठे उभं आहे हे तो सांगत नाही. ह्यांना त्या गोळ्यांनंतर चौदा महिने मिळाले.

त्या गोळ्या आमच्या पेन्शनीत बसल्या, त्याचीही एक कथा आहे. हे औषध आधी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळायचं. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून एक आदेश निघाला. देशातला पहिला सक्तीचा परवाना. एका भारतीय कंपनीला तेच औषध महिन्याला जास्तीत जास्त ८,८८० रुपयांना विकायची मुभा मिळाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला. मी औषधाच्या दुकानात पैसे मोजताना माझ्या मनात यायचं, कपाळी लिहिलेलं म्हणतात ते हेच तर नव्हे? एका अधिकाऱ्यानं टेबलाशी बसून लिहिलेला आदेश. मिलानच्या डॉक्टरांनी लिहिलेली एक मोजपट्टी. आणि १९८४ साली जी लिहिणं कुणालाच शक्य नव्हतं, ती रक्ताच्या चाचणीची एक ओळ. ह्यांचं आयुष्य लांबलं किंवा आखडलं ते अशा ओळींनी, आणि त्या सगळ्या माणसांच्या हातच्या होत्या.

नातवाच्या बाबतीतही तेच. सटवाई पाचव्या रात्री येते. त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर मात्र नर्सनं जन्मल्या दिवशीच हिपॅटायटिस बी च्या पहिल्या डोसाची तारीख लिहिली होती. तोही विषाणू असाच यकृतात घर करतो. ज्या १९८४ साली हे घाटात पडले, त्याच साली तैवाननं बाळांना ही लस द्यायचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग स्पष्ट कमी झाला.

गोळ्यांनी ह्यांचे तळहात-तळपाय सोलून निघाले. पाना धरून घट्टे पडलेले ते हात, त्यांना साधा पेला धरवेना. टाळेबंदीत डॉक्टर फोनवर भेटत. शरीराच्याच प्रतिकारशक्तीला जागं करणारी नवी इंजेक्शनं तेव्हा नुकतीच आली होती आणि गोळ्यांपेक्षा त्यांचे निकाल चांगले होते. पण ज्यांचं उरलेलं यकृत चांगलं त्यांच्यासाठीच. ह्यांच्या पोटात पाणी भरायला लागलं होतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये पेपरात बातमी आली: हिपॅटायटिस सी चा विषाणू शोधणाऱ्या तिघांना नोबेल. मी ती वाचून दाखवली. हे बराच वेळ गप्प होते. मग सोललेले हात जोडून म्हणाले, "त्यांच्यामुळे आता कुणाच्या बाटलीतून हा जायचा नाही."

माळ घातल्यापासून हे रोज एका वहीत 'रामकृष्णहरी' लिहीत, एक पान. डिसेंबरमध्ये एका सकाळी मला अक्षर तिरपं गेलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी 'कृ' अर्धवट. यकृताला रक्तातली घाण गाळता आली नाही की ती मेंदूवर चढते, रात्रीचा दिवस होतो, हात फडफडतात, हस्ताक्षर बिघडतं, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. लॅक्टुलोजचं सिरप वाढवलं की दोन दिवसांत अक्षर सरळ यायचं. ती वही म्हणजे ह्यांच्या भक्तीची खूण होती आणि माझं तपासणीचं यंत्रही.

शुद्ध असताना एकदा म्हणाले, "अंतकाळी नाम तोंडी यावं म्हणतात. माझं डोकंच ठिकाणावर नसलं तर?" वारकऱ्याच्या मनातला याहून खोल भीतीचा प्रश्न नाही. मी त्यांना वराहपुराणातलं एक वचन सांगितलं, जे श्रीवैष्णव परंपरा जिवापाड जपते. भगवंत पृथ्वीला सांगतात: शरीर धड असताना, मन ठिकाणावर असताना ज्यानं माझं स्मरण केलं, तो मरताना लाकडासारखा, दगडासारखा झाला तरी चिंता नाही. तेव्हा मी त्याची आठवण ठेवतो. हे काही बोलले नाहीत. वही मागून घेतली आणि त्या दिवशी दोन पानं लिहिली.

जानेवारी २०२१ मध्ये हे गेले, आठवडाभर बेशुद्ध राहून. तोंडी नाम नव्हतं. मला त्याची खंत वाटली नाही. रिपोर्टच्या दिवसापासून सव्वातीन वर्षं झाली होती. आस तुटला, पण वंगणावाचून नाही, गाडीवानाच्या चुकीनंही नाही.

दैव नाहीच असं मी म्हणत नाही. पसरणी घाटातला तो ट्रक दैवच होता. पण दैव हा शब्द आता मी फक्त स्वतःसाठी वापरते, सगळं करून झाल्यावर, हात जोडताना. दुसऱ्याच्या दारात बसून तो शब्द उच्चारायचा अधिकार कुणाला नाही, असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात आमच्या आळीतली एक बाई आली. तिच्या नवऱ्याच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली आहे. रिपोर्ट माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, तुम्ही सगळं पाहिलंय. किती दिवस असतील हो? काय लिहिलं असेल नशिबात?"

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. मग टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला आणि लिहायला बसले. रक्तात बी आणि सी दोन्हींची तपासणी झाली का? बी निघाला तर घरातल्या सगळ्यांची करून घ्या, मुलांना लस राहिली असेल तर द्या. गाठ किती सेंटिमीटर, किती गाठी, मोठ्या शिरेत गेली आहे का, हे डॉक्टरांना विचारा. उरलेलं लिव्हर कसं आहे ते विचारा. जुनी शेंगदाण्याची बुरशी आलेली पोती घरात असतील तर टाकून द्या, त्या बुरशीचं विष लिव्हरवर जातं. त्यांना रोज एक ओळ लिहायला सांगा, काहीही, आणि अक्षराकडे लक्ष ठेवा.

कागद दोन्ही बाजूंनी भरला.